जिन्यावरची बैठक

पुष्पावन्सं दुपारचं जेवण उरकून भवानीपुराहून ट्रामने आल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. दार सताड उघडं होतं, पण आत यायचं नव्हतं. लीनाच्या अंगावर कांजिण्या उठल्यापासून कलकत्त्याच्या बागबाजारातल्या या बिऱ्हाडाचा उंबरा बाहेरच्या माणसाने ओलांडायचा नाही असा मंदाकिनीबाईंचा हुकूम होता, आणि तो पोटच्या मुलीलाही लागू होता.

"रुमाल टाक गं खाली. पायरीवर धूळ आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या उंबऱ्याच्या आत पाटावर बसल्या होत्या. फाल्गुनाचा उकाडा होता आणि त्यांनी शाल लपेटली होती.

"टाकलाय. तुला बरं नाही का आई?"

"मला काय धाड भरलीय? जरा कणकण आहे."

"कणकण नाही, चांगला ताप आहे," आरामखुर्चीतून भालचंद्रपंत म्हणाले. "कालपासून. थर्मामीटर लावून घेत नाही. लीनाच्या तोंडातलं आहे म्हणते."

"मग नाहीच ते घालायचं तोंडात."

"आणि घरात फोडणी नाही. चार दिवस मी पाण्यात उकडलेलं वरण खातोय. देवी लीनाच्या अंगावर आल्यात, माझ्या जिभेने काय केलंय?"

"अहो, असं बोलू नये," मंदाकिनीबाईंनी घाईने आतल्या देवघराकडे पाहून हात जोडले.

श्यामला मधल्या दारात उभी होती. तिथून दोन्हीकडे दिसत असे. डावीकडे खाटेवर तिची लीना, उशाशी कडुलिंबाचा डहाळा. उजवीकडे ही जिन्यावरची बैठक. गेल्या काही दिवसांत घरातल्या या एका जागेची तिला सवय लागली होती. तिचा नवरा श्रीकांत ट्रंकेवर बसून नखांकडे बघत होता. बहिणीला निरोप धाडून बोलावलं होतं त्यानेच, आणि आता ती आल्यावर सुरुवात तिनेच करावी अशी त्याची अपेक्षा दिसत होती.

"तर उद्याचं काय?" पुष्पावन्संनी विचारलं.

शेवटी श्यामलाच बोलली.

"उद्या शाळेत जावं लागेल वन्सं. सकाळचीच शाळा आहे. साडेदहाला परत."

शाळा श्यामबाजारात होती. सकाळी मुलींची शाळा भरायची आणि दहानंतर त्याच बाकांवर मुलं येऊन बसायची. त्या सकाळच्या शाखेत गणित शिकवायची नोकरी श्यामलाला मागच्या वर्षी मिळाली होती, पण हंगामी. त्रिकोणाला इथे 'त्रिभुज' म्हणतात हे नागपूरच्या या बी.ए.ला सातवीच्या मुलींनीच शिकवलं होतं, आधी पोटभर हसून. आता ती जागा कायम व्हायची होती. मंगळवारी कमिटी बसणार होती आणि त्याआधी सेक्रेटरीबाबू तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसून एक तास ऐकणार होते. तो तास व्हायचा होता शुक्रवारी. गुरुवारी संध्याकाळी लीनाला आंघोळ घालताना तिच्या पोटावर पाण्याने भरलेले दोन फोड दिसले.

शुक्रवारी ती गेली नाही. मुख्याध्यापिकेला, म्हणजे शाळेतल्या सगळ्यांच्या बडोदींना, तिने खरं कारण कळवलं. बडोदींनी उलट विचारलं, तुम्हाला स्वतःला लहानपणी येऊन गेल्यात ना? गेल्या होत्या, कपाळावर खूण होती. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून गेल्यास शाळेच्या मुलींना धोका नाही. बडोदींनी तास सोमवारवर ढकलला आणि निरोपाच्या शेवटी म्हटलं होतं, सोमवारी आला नाहीत तर माझ्या हातात काही राहणार नाही.

हे सगळं तिने पुष्पावन्संना थोडक्यात सांगितलं.

"एका तासासाठी एवढं?" पुष्पावन्सं म्हणाल्या. "अगं, नोकरी काय, आज ही, उद्या दुसरी. आमच्याकडे बदलीचा हुकूम आला की मी सतरा गोष्टी अर्ध्या टाकून उठते. दिल्लीला विणकामाचा वर्ग चालवत होते, तोही टाकलाच ना? मुलापेक्षा काय जास्त आहे?"

"जास्त कोण म्हणतंय?"

"तू म्हणत नाहीस. पण जायचं म्हणतेस."

मंदाकिनीबाईंनी मान हलवली. लेकीला बोलावण्यात सुनेचा काही डाव असेल ही त्यांची शंका फिटली होती. "मी हेच सांगतेय. घरात देवी असताना आईने उंबरा ओलांडायचा नाही. बुधवारी लिंबाचं पाणी पडेल पोरीच्या अंगावर. मग जा म्हणावं खुशाल कुठे जायचंय तिथे."

"बुधवारी जाऊन काय करू सासूबाई? मंगळवारी ठरलेलं असेल."

"आई! खूब चुलकाच्छे!" आतून लीना ओरडली.

"खाजतंय म्हण गं बाई, खाजतंय!" मंदाकिनीबाई ओरडल्या. "दुखणं तरी मराठीत सांग."

श्यामला आत गेली. लीनाच्या पाठीवर तिने लिंबाची पानं हलकेच फिरवली. मानेखालचा एक फोड लीनाने खरवडून फोडला होता. श्यामलाने त्यावर पावडर टाकली, आणि हात तिथेच थांबला. उद्या ती वर्गात त्रिकोणाचे कोन शिकवत असताना हा फोड चिघळला तर? ताप पुन्हा चढला तर? कांजिण्या सगळ्यांनाच येतात, बऱ्याही होतात; पण ती गेल्यावर जे काही होईल ते तिच्या जाण्यानेच झालं असं ठरेल. लीनाच्या लग्नात सुद्धा कोणीतरी हळू आवाजात म्हणेल, तेव्हा आई शाळेत गेली होती.

"आई, उद्या तुमि जाबे?"

"बघू हं."

"बाबा जाणार?"

"बाबा जाणार बजबजला, तेलाच्या डेपोत. रोजच्यासारखे."

हे बोलताना आपला आवाज जरा वर गेला हे तिच्या लक्षात आलं. बाहेर श्रीकांतने ट्रंकेवर बसल्या बसल्या पाय बदलले.

पुष्पाने ते पाहिलं. धाकट्या भावाला ती पाळण्यापासून ओळखत होती. काही लपवायचं असलं की तो पाय बदलायचा. तिने त्याला नीट न्याहाळलं. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय हे तिला आत्ता कळलं.

"श्री, तुझी दाढी केलेली आहे."

श्रीकांतने हनुवटीवरून हात फिरवला. "कालची आहे."

"कालची काय, परवाची काय! देवी असताना घरातले पुरुष दाढी करत नाहीत. अण्णांकडे बघ." भालचंद्रपंतांच्या गालांवर पांढरे खुंट उभे होते आणि ते त्यांना शोभत नव्हते. "आई, याला तू काही बोलली नाहीस?"

"घरात नाही करत तो," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "वस्तरा मी उचलूनच ठेवलाय. बजबज स्टेशनच्या बाहेर न्हावी बसतो, त्याच्याकडे करतो. मग इथे आल्यावर आंघोळ."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"माहीत नसायला काय झालं? साहेबाची कंपनी आहे. खुंट वाढवून गेला तर डेपोच्या फाटकात उभं करत नाहीत. मी पहिल्याच दिवशी देवीपुढे नारळ ठेवलाय त्याच्या नावाने. तिला सांगितलं, बाई गं, पोटापाण्यासाठी करतोय, समजून घे. देवी उतरल्या की फोडायचा तो. एवढं तिलाही कळतं."

"साहेबाची कंपनी कळते देवीला?"

"तुला हसायला काय झालं?"

"हसत नाही मी," पुष्पा म्हणाली.

आणि खरंच हसत नव्हती. ती आली होती आईच्या बाजूने. येताना ट्राममध्ये तिने मनाशी चार वाक्यं जुळवलीसुद्धा होती, श्यामलाला सांगायची. आता तिला समोरचा उंबरा दिसत होता आणि तोच उंबरा सोळाव्या वर्षी कसा दिसला होता ते आठवत होतं. तेव्हा ती आतल्या बाजूला होती. श्री होता त्या खाटेवर, आज लीना आहे तिथे. तिची मॅट्रिकची परीक्षा होती, हेदुआजवळच्या एका शाळेत. फाल्गुन-चैत्रातच परीक्षा येते आणि फाल्गुन-चैत्रातच या शहरात हा आजार फिरतो. ती लेखण्या घेऊन, वेणी न घालता, दारापर्यंत आली होती आणि आई दारात आडवी उभी होती. पुढच्या वर्षी दे, आई म्हणाली होती. पुढच्या वर्षी मनोहरांचं स्थळ आलं.

"आई, माझ्या मॅट्रिकच्या वेळी घरात नारळ नव्हता का?"

मंदाकिनीबाईंनी शाल पुढे ओढली. "ते आता कशाला?"

"सहज विचारतेय. श्रीच्या दाढीला नारळ चालतो. माझ्या पेपराला का नाही चालला? चार पेपर होते, चार ठेवायचे. मीच फोडले असते."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

"पुष्पा," भालचंद्रपंत म्हणाले.

"नाही अण्णा, सांगू दे तिला. वेगळं म्हणजे काय? तो मुलगा म्हणून?"

"तो घरातला पुरुष आहे. त्याने कमवायला बाहेर जायचंच असतं. आईने..." मंदाकिनीबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "शरदच्या वेळी मी गेले होते."

शरच्चंद्र हा त्यांचा पहिला मुलगा. त्याचा फोटो नव्हता आणि त्याचं नावही निघत नसे. श्यामलाला त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं की तो देवीने गेला.

मंदाकिनीबाईंना ताप होता म्हणून असेल, किंवा लेकीने समोरासमोर विचारलं म्हणून असेल, पण तो दिवस आत्ता दिसत होता तसा त्यांना कित्येक वर्षांत दिसला नव्हता. भवानीपुरात चैत्रातलं हळदीकुंकू होतं. कलकत्त्यात मराठी बायका तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या. महिना महिना मराठी शब्द कानावर पडत नसे. शरदच्या अंगावर थोडंसंच पुरळ होतं आणि तो खेळत होता. शेजारणीकडे त्याला सोपवून त्या घोडागाडीने गेल्या, कैरीची डाळ खाल्ली, पन्हं प्यायल्या, खूप बोलल्या. परत आल्या तेव्हा मूल डोळे उघडत नव्हतं. कोणी त्यांना काही म्हणालं नाही. सासू असती तर बोलली तरी असती.

"हळदीकुंकवाला गेले होते," त्या म्हणाल्या. "म्हणून सांगते. आईने जायचं नाही. मला बाकी काही कळत नाही."

"अगं, डॉक्टर तेव्हाही म्हणाला होता," भालचंद्रपंत म्हणाले. "तू घरी असतीस तरी तेच झालं असतं."

"तो डॉक्टर पुरुष होता."

श्यामलाच्या ओठांवर आलं होतं की शरदभाऊजींना देवी होत्या, लीनाला कांजिण्या आहेत, दोन्ही आजार वेगळे. बी.ए.ला लाज येणार नाही असं हे वाक्य होतं, आणि खरंही होतं. तिने ते गिळलं. या बाईला आजाराचं नाव नको होतं. लीना झोपेत कण्हली की सासूबाई उठून बसतात आणि तिच्या नाकापाशी बोट धरून बघतात, हे श्यामलाने रोज पाहिलं होतं. ती स्वतःही तेच करत होती. दोघी एकमेकींना ते करताना पाहत होत्या.

"सासूबाई," ती म्हणाली, "मला हळदीकुंकवाला जायचं असतं तर मी गेले नसते."

"आणि शाळेला जाशील."

"जाईन म्हणत नाही. जायला हवं म्हणते."

"म्हणजे तेच."

खालून जिना वाजला. घरमालकीण मासीमा, विधवेच्या पांढऱ्या बिनकाठी थानातल्या, एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात पितळी वाटीत शहाळ्याचं पाणी घेऊन वर आल्या. लीनाला त्या लाडाने 'छोटो बर्गी', म्हणजे छोटी मराठा लुटारू, म्हणत. मराठ्यांची घोडी बागबाजारात शिरू नयेत म्हणून कधीकाळी इथून खंदक खणला होता, आणि मासीमांच्या बोलण्यात तो अजून बुजलेला नव्हता.

"ए दीदी," त्या पुष्पाच्या खालच्या पायरीवर टेकत म्हणाल्या, "माँ की दया हुई है, घर में झगड़ा मत करो. नीचे तक शुना जा रहा है. बर्गी लोग का मीटिंग है क्या?"

"मीटिंग ही है मासीमा," भालचंद्रपंत म्हणाले. "बहू शाळा जायेगी के नहीं, इसका."

"ना ना, माँ को बाहर नहीं जाना." मासीमांनी जीभ चावली. मंदाकिनीबाईंनी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. पण मासीमांचं बोलणं संपलं नव्हतं. "लेकिन बौमा नहीं गया, तो उस जगह कौन आयेगा? फिर वो अंधा पंडितमोशाय? हमारा नातिन उसके पास तीन बरस फेल हुआ. अभी बौमा पढ़ाता है तो पास होता है." त्यांनी थोडा विचार केला. "बहुत मुश्किल है," असं म्हणून वाटी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि आपण कोणाच्या बाजूला आहोत हे न ठरवताच गुडघे धरत त्या खाली उतरल्या.

"बरं," पुष्पा म्हणाली. तिने पदर खोचला. सभेत कोणी तरी मुद्द्यावर यावं तशी ती आली. "समजा, ती गेली. लीनाजवळ कोण बसणार? आई तापाने फणफणलीय. अण्णांचा डावा हात चालत नाही. मी आले असते, पण माझ्या श्रीधरला अजून कांजिण्या आलेल्या नाहीत आणि त्याची वार्षिक परीक्षा तोंडावर आहे. मी आजार घरात घेऊन गेले तर मनोहर मला बाहेर उभं करतील. मग राहिलं कोण?"

हळूहळू सगळ्यांच्या नजरा ट्रंकेकडे वळल्या.

"मी?" श्रीकांत म्हणाला.

"तुला लहानपणी येऊन गेल्यात. माझ्यापेक्षा ते कोणाला जास्त माहीत असणार?"

"अगं, पण उद्या जहाज लागतंय. तेल उतरवायचं आहे. टाक्यांची मापं घ्यायला मी हवा."

"तुझ्याशिवाय जहाज बुडेल?"

"ताई, तुला डेपोतलं काय कळतं?"

श्यामला नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि ते श्रीकांतला बोलण्यापेक्षा कठीण गेलं. कारण तिला ठाऊक होतं. मागच्या पावसाळ्यात मैदानावर फुटबॉलची मोठी मॅच होती. त्या दिवशीही धक्क्याला जहाज होतं. डेपोतल्या घोषालने त्याची दुपारची पाळी घेतली होती आणि त्याने घोषालची सकाळची. जहाज बुडालं नव्हतं. मॅचहून आल्यावर त्याने स्वतःच जेवताना मोठ्या फुशारकीने ते सांगितलं होतं, आणि ती वाढता वाढता हसली होती.

तिने आत्ता मॅच हा शब्द काढला असता तर त्याला रागावता आलं असतं. आईसमोर माझी अब्रू काढतेस म्हणता आलं असतं. ती काढत नव्हती. लीनाला ताप आल्यापासून ती रजा घेऊन घरी होती आणि तो रोज सकाळी गाडी पकडून बजबजला जात होता, न्हाव्यापुढे गाल फुगवत होता, डेपोतल्या कँटीनमध्ये फोडणीचं जेवत होता. संध्याकाळी घरी आल्यावर तो विचारायचा, कशी आहे? ते विचारलं की आपलं काम झालं असं त्याला वाटत असे. त्याचा बाप त्याच्या आजारात एवढंही विचारत नव्हता.

तो उठला. "नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन आहे. घोषाल सापडतो का बघतो. दुपारची पाळी मिळाली तर..." त्याने चपला शोधल्या. "ती साडेदहाला येणार. मी अकराची गाडी धरीन."

"अरे!" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "बाप पोरीजवळ बसणार आणि आई बाहेर जाणार? हे काय नवीन?"

"बापालाही मांडी असते," भालचंद्रपंत म्हणाले. "मी वापरली नाही ती गोष्ट वेगळी."

श्रीकांत जिन्यात बहिणीला ओलांडून खाली गेला. जाताना पुष्पाने त्याच्या पोटरीवर चापट मारली, लहानपणी मारायची तशी.

मंदाकिनीबाईंना आपल्याभोवतीची माणसं एक एक करून उठून पलीकडे जाऊन बसल्यासारखी वाटली. लेक गेली, मुलगा गेला, नवरा तर कधी आपल्या बाजूला होता हे आठवत नव्हतं. त्या पाटावरून भिंतीला धरून उठल्या. श्यामला पुढे झाली, पण त्यांनी तिचा हात घेतला नाही.

"जायचं तर जा. मी दारात आडवी पडणार नाही. तेवढी ताकदही नाही. पण माझ्या तोंडून हो यायचं नाही. मी देवीला काय सांगू?"

"श्रीच्या वेळी सांगितलंस तेच सांग," पुष्पा म्हणाली.

"ते एकदा सांगता येतं." त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या.

पुष्पा निघाली. श्यामला उंबऱ्याच्या आत आणि ती बाहेर, अशा दोघी उभ्या होत्या.

"मघाशी मी बोलले ते," पुष्पा म्हणाली, "मुलापेक्षा जास्त वगैरे."

"असू द्या वन्सं."

"ते मला ट्राममध्येच सुचलं होतं. म्हणून बोलून टाकलं." तिने रुमालाची धूळ झटकली. "ताप बघत जा आईचा. ती सांगणार नाही."

खाली आल्यावर ती ट्रामकडे वळली, दोन दुकानं पुढे गेली, आणि परत फिरली. देवळाजवळच्या फुलवाल्याकडे नारळ होते. तिने कानाशी हलवून एक निवडला, शेंडी असलेला. परत तो उंच जिना चढताना तिला धाप लागली. दार आता लोटलेलं होतं. तिने हाक मारली नाही. वरच्या पायरीवर, मघाशी ती बसली होती तिथेच, नारळ ठेवला आणि आवाज न करता उतरून गेली.

तो पहिल्यांदा दिसला श्रीकांतला. घोषाल तयार झाला होता. उद्याची पाळी दुपारची. ते सांगायच्या उत्साहात त्याचा पाय नारळाला लागता लागता राहिला.

"हे काय पायरीवर?"

श्यामला दारात आली. तिला कळायला वेळ लागला नाही. वाकून हात घातला असता तर नारळ आत आला असता. देवघर दहा पावलांवर होतं, कुंकवाची कोयरी तिला सापडली असती, आणि शब्दही ठाऊक होते. पण तिने स्वतः देवीपुढे ठेवलेला नारळ हा नुसता नारळच राहिला असता.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली. "आपण नाही उचलायचा."

"मग कोणी उचलायचा?"

ती आत वळली. अंथरुणावर मंदाकिनीबाईंनी कूस बदलली होती आणि त्यांचे डोळे उघडे होते. दाराच्या फटीतून जिना दिसत होता. श्यामलाने दार लोटलं नाही. होतं तसंच ठेवून ती लीनाची पेज करायला गेली.

पहाटे ती उठली तेव्हा गंगेवरून भोंगा ऐकू येत होता. आंघोळ करून तिने धुतलेलं लुगडं नेसलं. लीनाचं कपाळ थंड होतं. श्रीकांत खाटेच्या कडेला येऊन बसला होता, दोन दिवसांच्या खुंटासकट, आणि लीना अर्धवट झोपेत त्याच्या गालावर हात फिरवून म्हणत होती, "बाबा टोचतात." हे मराठी होतं, आणि बरोबर होतं.

सासूबाईंच्या अंगाला तिने हात लावून पाहिला. ताप उतरला होता. शाल घामाने ओली होती. त्यांचे डोळे मिटलेले होते. तिने मनाशी ठरवलं होतं की देवीला नमस्कार करायचा आणि काही न मागता निघायचं. खडू, डस्टर, त्रिकोणाचे पुठ्ठे पिशवीत होते. केस मात्र तसेच होते. देवी असताना घरातल्या बाईने फणी लावायची नाही, म्हणून गुरुवारपासून ते मानेवर गुंडाळलेले होते. सेक्रेटरीबाबूंना ते कसे दिसतील याचा विचार तिने बाजूला सारला होता. मोडायचं ते एकच मोडू.

देवघरात समई लागलेली होती. ती तिने लावली नव्हती. देवीच्या तसबिरीपुढे श्रीकांतचा नारळ होता, त्यावरचं कुंकू सुकून काळपट झालेलं. त्याच्या शेजारी, त्याला टेकून, दुसरा होता. त्याच्यावरचं कुंकू अजून ओलं होतं आणि एका बाजूने थोडं ओघळलं होतं.

श्यामला वळून दाराशी गेली. पायरीवर काही नव्हतं. धुळीत नारळाची गोल जागा होती आणि तिच्याजवळ अनवाणी पावलाची खूण, म्हातारीची, बोटं फाकलेली. उंबऱ्याबाहेर.

"दारात काय उभी राहिलीस?" मागून आवाज आला. मंदाकिनीबाई भिंतीकडे तोंड करूनच बोलत होत्या. "फणी कोनाड्यात आहे. तशी झिपरी जाऊ नकोस पोरींसमोर."